बिऱ्हाडापासून घरापर्यंत

आषाढांत तुकोबारायांची पालखी इंदापूरचा मुक्काम हलवून सराटीकडे निघाली म्हणजे वाटेवर आमचें बावडा गांव लागतें. त्या दिवशीं गांवाचें रूपच पालटतें. घरोघरीं पिठलें-भाकरीचा घाट घातला जातो, ओट्याओट्यांवर वारकऱ्यांचीं पडशीं टेकतात, रस्त्याच्या कडेला राहुट्या उभ्या राहतात. सराटीचा मुक्काम आटोपून पालखी नीरा ओलांडते, अकलूजच्या बाजूनें सोलापूर जिल्ह्यांत शिरते, आणि आमचें गांव पूर्ववत् शांत होतें. वारीच्या तीन आठवड्यांत लाखों माणसें उघड्यावर निजतात, पावसांत भिजतात, तीन दगडांच्या चुलीवर रांधतात. परंतु त्यांना कोणी बेघर म्हणत नाहीं. प्रत्येकाच्या मागें कोठें तरी एक उंबरठा त्याची वाट पाहत असतो, म्हणून त्या उघड्यावरच्या निजण्यालाहि एक प्रकारची शोभा येते.

पालखी पुढें गेल्यावर मात्र नीट पाहिलें, तर सगळींच पालें उठलेलीं दिसत नाहींत. गांवाबाहेर, ओढ्याच्या काठीं, बाभळीच्या विरळ सावलींत चारपांच पालें तशींच असतात. तीं पालखीबरोबर आलेलीं नसतात आणि पालखीबरोबर जातहि नाहींत. त्यांच्याजवळून जाणाऱ्या रस्त्यानें आम्ही तीस वर्षें शाळेंत गेलों आणि आलों. मुलांना गृहस्थाश्रमाचें महत्त्व शिकविलें, ‘गृह’ शब्द चालवून घेतला. आणि त्या पालांतील माणसांना गृह कां नाहीं, हा प्रश्न मात्र सेवानिवृत्त होईपर्यंत आमच्या मनांत खरोखर उभा राहिला नाहीं. तो कसा उभा राहिला, त्याचें उत्तर शोधतांना आम्हीं कोणती चूक केली, आणि अखेर काय कळलें, हें सांगण्यासाठीं हा लेख.

आपल्या भाषेंत ‘बिऱ्हाड’ आणि ‘घर’ असे दोन निराळे शब्द आहेत. बिऱ्हाड हलतें, घर हलत नाहीं. संस्कृतांतील ‘वास्तु’ हा शब्द ‘वस्’ म्हणजे राहणें या धातूपासून निघाला आहे. त्यांत भिंतींचा किंवा छपराचा उल्लेख नाहीं, राहण्याच्या जागेचा आहे. म्हणूनच आपल्याकडे घर बांधतांना पहिली पूजा भूमीची होते. वास्तुशांति सर्वांत शेवटीं येते. संन्याशाला ‘अनिकेत’ म्हणून आपण गौरवितों तें त्यानें निकेतन आपखुशीनें टाकलें म्हणून. ज्याला तें कधीं लाभलेंच नाहीं, त्याच्या अनिकेतपणांत वैराग्य कोठून असणार? तें निव्वळ दुर्दैव होय.

घर जाणें म्हणजे काय, हें आपल्या समाजाला अगदींच अपरिचित आहे असें नाहीं. १९४८ च्या जानेवारीअखेर महात्माजींचा वध झाल्यावर दक्षिण महाराष्ट्रांतील कितीएक गांवीं ब्राह्मणांचीं घरें जाळलीं गेलीं. त्यानंतर कायमचीं गांव सोडून पुण्यामुंबईस आलेलीं कुटुंबें आजहि तें सांगतात. पुढें १९६१ च्या १२ जुलै रोजीं पानशेतचें धरण फुटलें आणि पुण्यांतील नदीकांठच्या पेठांतून हजारों कुटुंबें एका दिवसांत उघड्यावर पडलीं. हे दोन्ही प्रसंग अत्यंत दुःखाचे खरे. परंतु आज मागें वळून पाहतां एक गोष्ट स्पष्ट दिसते. त्या वेळीं घर गेलें, पण पुन्हां घर उभें करण्याचीं साधनें सगळीं गेलीं नाहींत. जळालेल्या घराखालची जागा आपल्या नांवावर होती. पुण्यास मामा होता, मावशी होती. तिनें स्वयंपाकघराचा एक कोपरा दिला. मुलाजवळ शाळेचा दाखला होता, त्यावर त्याला कोठें तरी कारकुनी मिळाली. पूरग्रस्तांना लोकमान्यनगर, गोखलेनगर अशा नव्या वसाहतींत आसरा मिळाला. तरीहि पूरग्रस्तांच्या अनेक सहकारी संस्थांचा मालकीहक्काचा प्रश्न पुढें अर्धशतकाहून अधिक काळ रेंगाळला. शिकलेल्या, अर्ज लिहितां येणाऱ्या, कचेऱ्यांची वाट माहीत असलेल्या माणसांची ही गोष्ट! मग ज्यांना यांपैकीं कांहींच नाहीं त्यांची काय कथा?

घर चार गोष्टींनीं होतें, असें आतां आमचें मत झालें आहे: जागा, कागद, शेजार आणि भिंती. आपण दयाळू मंडळी मदतीला धांवतों तीं भिंतींपासून. आणि खरी अडचण पहिल्या तीन गोष्टींत असते.

ओढ्याकाठच्या पालांत राहणारीं माणसें मुळांतच भटकीं, त्यांना स्थिर राहणें आवडत नाहीं, असें आपण समजतों. हा समज अर्धवट आहे. इंग्रज सरकारनें १८७१ सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ आणि १९२४ सालीं तो वाढवून अधिक कडक केला. त्या कायद्यानें संबंध जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरल्या. पोलिसांकडे हजेरी लावावी, परवानगीवांचून गांव सोडूं नये, आणि कित्येकांनीं तारेच्या कुंपणाआडच्या वसाहतींत राहावें, असा तो कारभार होता. सोलापूरची अशी वसाहत प्रसिद्धच आहे. स्वतंत्र भारतांत १९५२ च्या ३१ ऑगस्टला हा कायदा देशभर रद्द झाला, म्हणून त्या जमातींना ‘विमुक्त’ म्हणतात. कायदा गेला, पण गांवानें त्यांच्याकडे पाहण्याची नजर त्याबरोबर गेली नाहीं. ज्या जमाती या कायद्याखालीं नव्हत्या, केवळ आपल्या धंद्यापायीं फिरत होत्या, त्यांचा धंदाहि हळूहळू बुडाला. लोखंडी घमेलीं आलीं, प्लॅस्टिकच्या टोपल्या आल्या, दारोदारची करमणूक दूरदर्शनानें हिरावली. फिरण्याचें कारण संपलें, तरी थांबावयास जागा मिळाली नाहीं. लक्ष्मण माने यांचें ‘उपरा’ १९८० सालीं प्रसिद्ध झालें, तेव्हां सुशिक्षित वाचकांना हें जग प्रथमच आंतून दिसलें. आपल्यापैकीं अनेकांनीं तें पुस्तक वाचलें, हळहळ व्यक्त केली, आणि कपाटांत नीट ठेवून दिलें. आम्हींहि तेंच केलें होतें.

आतां आमच्या चुकीची हकीकत सांगतों. २०१७ च्या पावसाळ्यांत ओढ्याला लोंढा आला आणि कांठचीं पालें भिजून चिंब झालीं. त्यांपैकीं एका पालांतील मुलगा आमच्या जुन्या शाळेंत येत असे. तो चार दिवस आला नाहीं, म्हणून वर्गशिक्षकांबरोबर आम्ही पाहावयास गेलों. नवराबायको, तीन मुलें आणि एक म्हातारी, एवढीं माणसें एका फाटक्या ताडपत्रीखालीं उकिडवीं बसलीं होतीं. आम्हांला फार वाईट वाटलें. चारपांच सेवानिवृत्त स्नेह्यांनीं मिळून वर्गणी केली, पत्रे आणले, वासे आणले, आणि थोडें उंचवट्यावर, गायरानांत, त्यांना एक खोपट उभें करून दिलें. त्या दिवशीं घरीं येऊन आम्हीं मोठ्या समाधानानें चहा घेतला.

पुढल्या उन्हाळ्यांत तें खोपट निघालें. जागा सरकारी, अतिक्रमण अनधिकृत. नोटीस लागली आणि एका सकाळीं वासे उपटले गेले. पत्रे वांकले, कांहीं नाहींसे झाले. गायरानें मोकळीं करावींत असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं दिलेला आहे, हें आम्हांस तेव्हां ठाऊकहि नव्हतें. आम्ही ओशाळून भेटावयास गेलों. त्या बाईनें आम्हांला दोष दिला नाहीं. ती इतकेंच म्हणाली, “गुर्जी, पत्रं कशाला दिलीसा? उठवनार न्हाईत अशी जागा बघा. पत्रं आमचं आमी मिळवू.”

तीस वर्षें शिकविण्याचा धंदा केलेल्या माणसाला त्या निरक्षर बाईनें एका वाक्यांत धडा दिला.

तेथून पुढें पांच वर्षें आम्ही जें काम केलें त्यांत दानधर्म जवळजवळ नव्हता. बहुतेक वेळ लिहिण्यांत आणि बाकांवर बसून राहण्यांत गेला. प्रथम कळलें तें हें कीं, घर नसलेल्या माणसाला कागद मिळत नाहीं, आणि कागद नसलेल्या माणसाला घर मिळत नाहीं. शिधापत्रिकेला राहण्याचा पुरावा पाहिजे. बँकेच्या खात्याला ओळखीचा कागद पाहिजे. जातीच्या दाखल्याची तर और तऱ्हा: विमुक्त जाती आणि भटक्या जमाती यांना आपलें कुटुंब २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीं महाराष्ट्रांत राहत होतें, हें दाखवावें लागतें. ज्यांना त्या काळीं कोणत्याहि गांवानें तीन रात्रींपेक्षां अधिक टिकूं दिलें नाहीं, त्यांनीं तो पुरावा कोठून आणावा?

येथें आमचा जुना धंदा उपयोगी पडला. सरकारी दप्तरांत ज्याचें नांव कोठेंहि नसतें, त्याचें नांव कधीं कधीं शाळेच्या जनरल रजिस्टरांत सांपडतें; कारण चांगला मास्तर पालांतल्या मुलालाहि हांक मारून वर्गांत बसवतो. म्हातारीला विचारून विचारून, तिचा नवरा आणि दीर लहानपणीं कोणकोणत्या गांवीं उतरत असत याची यादी आम्हीं केली. आठ गांवच्या शाळांचीं जीर्ण रजिस्टरें चाळलीं. सातव्या शाळेंत तिच्या दिराचें नांव निघालें. तो दोन महिने शाळेंत होता. ‘गैरहजर’ म्हणून नांव कमी केलें, असा शेरा होता. साल १९५४. कोण्या अज्ञात गुरुजींच्या त्या सुवाच्य अक्षरानें ६० हून अधिक वर्षांनंतर एका कुटुंबाला जातीचा दाखला मिळवून दिला. त्या रजिस्टराला आम्हीं मनोमन नमस्कार केला.

दाखला हातीं येईपर्यंत दीड वर्ष गेलें. तेवढ्यांत आधार, शिधापत्रिका, बाईच्या नांवाचें बँकखातें, हीं कामेंहि झालीं. २०१६ सालीं निघालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागांत घरकुलाला पठारी प्रदेशांत १ लाख २० हजार रुपये मिळत. शौचालयाचे १२ हजार वेगळे, आणि रोजगार हमीतून सुमारें ९० दिवसांची मजुरी. किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे आपल्या हिशेबानें २६९ चौरस फूट. रक्कम हप्त्याहप्त्यानें थेट खात्यावर येते. जोतें झालें, भिंती झाल्या, छप्पर पडलें, अशा टप्प्यांचीं छायाचित्रें काढल्यावर पुढचा हप्ता सुटतो. २०११ च्या पाहणींत ज्यांचीं नांवें सुटलीं त्यांच्यासाठीं २०१८ सालीं पुरवणी पाहणी निघाली. तींत या कुटुंबाचें नांव चढलें. नांव चढलें आणि तेथेंच थांबलें. कारण हे पैसे भिंतींचे होते. भिंती उभ्या करावयाच्या कशावर?

ज्याला जागा नाहीं त्याच्यासाठीं राज्य सरकारची एक योजना आहे, ती पुष्कळांस ठाऊक नसते. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नांवाच्या या योजनेंतून घरकुलास पात्र परंतु भूमिहीन असलेल्या कुटुंबाला ५०० चौरस फुटांपर्यंत जागा विकत घेण्यास साह्य मिळतें. आरंभीं तें ५० हजारांपर्यंत होतें, २०२४ सालीं तें १ लाखापर्यंत वाढविण्यांत आलें. भटक्या-विमुक्तांसाठीं यशवंतराव चव्हाण यांच्या नांवाची मुक्त वसाहत योजनाहि आहे. परंतु पैसे मिळाले तरी जागा विकणार कोण? शेतजमिनीचा गुंठा-अर्धा गुंठा तोडून विकण्यास १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याची आडकाठी होती. घरकुलासाठीं १,००० चौरस फुटांपर्यंत जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीनें सवलत मिळाली ती २०२४ सालीं. गांवठाणांतील जागेला ही अडचण नाहीं. पण गांवठाणांत ज्यांच्या जागा आहेत त्यांना असला शेजार नको असतो. आम्हीं अकरा जणांना विचारलें. कोणी स्पष्ट नाहीं म्हटलें नाहीं; प्रत्येकानें भावाला विचारून सांगतों म्हटलें.

बाराव्या माणसाचें नांव आम्हांला माहीत होतें. पण तें उच्चारण्याचा धीर होत नव्हता. बावड्यास आमच्या आजोबांच्या घराची पडीक जागा आहे. १९७० च्या सुमारास शेवटली भिंत बसली. तेव्हांपासून तेथें घाणेरी, एक उंबराचें झाड आणि तुळशीवृंदावनाचा चौथरा एवढेंच उरलें आहे. वर्षांतून एकदां नीरा नरसिंगपूरला कुलदैवताच्या दर्शनास जातांना आम्ही सर्व भावंडें तेथें थांबतों, चौथऱ्यावर हळदकुंकू वाहतों, आणि ‘कधीं तरी येथें कांहीं तरी बांधूं’ असें म्हणून पुढें निघतों. पन्नास वर्षें आम्ही असें म्हणत आलों.

दिवाळींत सर्वजण एकत्र जमले असतां आम्हीं विषय काढला. धाकटे बंधु गप्प राहिले. पुतण्या म्हणाला, “काका, मदत करा, पण जागा कशाला? पुढेंमागें भाव येईल.” वहिनींना वाईट वाटलें, त्या नववधू म्हणून त्याच अंगणांत उतरल्या होत्या. त्या म्हणाल्या, “देवघर होतं तिथं. तिथं कोण येणार, कसं राहणार, कांहीं विचार?” आमच्याजवळ उत्तर नव्हतें. शास्त्रार्थ सांगावा तर तो आमच्याच अंगावर आला असता. कारण ज्या देवघरांत पन्नास वर्षें दिवा लागला नाहीं, त्याचें पावित्र्य राखीत होतें कोण? घाणेरीचीं झुडपेंच ना? तीन महिने घरांत हा विषय निघाला नाहीं. मग एके दिवशीं वहिनींनींच विचारलें, “त्या बाईला मुलगी आहे का?” आहे, आठ वर्षांची आहे, असें सांगितलें. त्या म्हणाल्या, “चौथरा सोडून बाजूची जागा द्या. आणि तुळशीला पाणी घालीन म्हणून कबूल करून घ्या.”

सात वारसदारांच्या सह्या जमवावयास पावणेदोन वर्षें लागलीं. त्यांतले दोघे परदेशीं, एकाचें मृत्युपत्र निघालेलें नव्हतें. तेव्हां आम्हांला कळलें कीं, पुढारलेल्या घरांचे कागदहि फारसे पुढारलेले नसतात. आम्ही बक्षीसपत्र करून जागा द्यावी असें ठरवीत होतों; तें त्या बाईनें मोडून काढलें. ती म्हणाली, “दान नगं, गुर्जी. खरेदीखत करा. दान घेतलं तर उद्या तुमचा पुतन्या म्हनंल, ऊठ.” पुतण्या तेथेंच बसला होता, तो मान खालीं घालून हसला. योजनेंतून मिळालेल्या रकमेंत पाचशे चौरस फुटांचें रीतसर खरेदीखत झालें, नवराबायको दोघांच्या नांवें. ग्रामपंचायतीच्या आठ नंबरच्या उताऱ्यावर त्यांचें नांव चढलें, त्या दिवशीं त्या बाईनें तो कागद पदरांत धरून म्हातारीला दाखविला. म्हातारीला वाचतां येत नव्हतें. तिनें त्यावरून हात फिरविला.

घर बांधण्यास मात्र आमची कांहींच गरज लागली नाहीं. नवरा गवंड्याच्या हाताखालीं काम केलेला. जोतें त्यानें स्वतः घातलें, आणि पुराची आठवण ठेवून तें एक हात उंच घेतलें. पत्रे, खरोखरच, त्यांचे त्यांनीं मिळविले.

राहिला शेजार. या बाबतींत आमच्या गांवचा इतिहास आम्हांला विसरतां येत नाहीं. १९७२ सालीं बावड्यांत दलित वस्तीवर सामाजिक बहिष्कार पडला होता. त्याची चर्चा राज्यभर झाली. त्याच वर्षीं मुंबईंत दलित पँथर ही संघटना निघाली, तिच्या जन्माच्या कारणांत बावड्याचें नांव इतिहासकार घेतात. त्या लोकांना घरें होतीं, जागा होती, उतारेहि होते. पण गांवानें पाठ फिरविली तेव्हां आपल्याच घरांत राहणें अशक्य झालें. म्हणून म्हणतों, शेजार हा घराचाच भाग आहे. आणि तो सरकार हप्त्यानें देऊं शकत नाहीं. आमच्या नव्या शेजाऱ्यांना पहिले सहा महिने सार्वजनिक नळावर ‘तुम्ही शेवटीं भरा’ असें ऐकावें लागलें. भांडण करून हें मिटलें नसतें. संक्रांतीला वहिनी पुण्याहून मुद्दाम आल्या, त्या घरीं जाऊन बसल्या, वाण दिलें, आणि त्या बाईला बरोबर घेऊन गल्लींतल्या आणखी चार घरीं हळदीकुंकवाला गेल्या. दुसऱ्या दिवसापासून नळावरचा शेवटचा नंबर गेला. आमच्या पांच वर्षांच्या अर्जांनीं जें झालें नाहीं, तें वहिनींच्या एका संध्याकाळनें झालें.

हें केवळ आमच्या खेड्याचें शहाणपण आहे असें मात्र कोणी समजूं नये. जुन्या सुधारकांचा समज असा कीं, माणूस आधीं सुधारावा, मग त्याला घर द्यावें. तारेच्या कुंपणाआडच्या वसाहतींमागें हाच विचार होता. परदेशांतहि पुष्कळ काळ बेघरांना आधीं व्यसन सोडा, आधीं नोकरी शोधा, मग घर, असें सांगत. १९९२ सालीं न्यूयॉर्कमध्यें सॅम सेंबेरिस या मानसशास्त्रज्ञानें हा क्रम उलटा केला: आधीं घर, आणि मग ज्याला जी मदत हवी ती. २००८ पासून फिनलंडनें हें राष्ट्रीय धोरण म्हणून स्वीकारलें आणि तेथें दीर्घकाळ बेघर असणाऱ्यांची संख्या उतरली. आपल्या मुंबईंत १९८० नंतरच्या दशकांत भायखळ्याच्या पदपथांवरील स्त्रियांनीं ‘महिला मिलन’ या नांवानें एकत्र येऊन रोजच्या कमाईंतून थोडी थोडी बचत केली, साड्या टांगून घरांचीं मापें घेतलीं, आपली शिरगणती स्वतः केली, आणि पुढें मानखुर्दला आपली वसाहत उभी केली. गिरीश प्रभुणे आणि त्यांचे सहकारी यांनीं तुळजापूर तालुक्यांत यमगरवाडीला पारध्यांच्या व इतर भटक्यांच्या मुलांसाठीं जें शाळा-वसतिगृह उभारलें, तेंहि याच वाटेवरचें काम. या सर्वांत समान गोष्ट एकच: ज्यांचें घर, त्यांच्याच हातीं तें घडूं दिलें.

आतां वाचकहो, आपल्याला काय करतां येईल? मोठ्या संस्थेची आवश्यकता नाहीं. एका घरानें एकच कुटुंब घ्यावें आणि शेवटपर्यंत सोडूं नये. ज्यांना लिहितां-वाचतां येतें अशा सेवानिवृत्तांनीं आपली सकाळ कचेरीच्या बाकावर घालवावी. त्या कुटुंबाची मजुरी एक दिवस बुडते, आपला फक्त पेपर वाचावयाचा राहतो. जे शिक्षक आहेत त्यांनीं जुनीं रजिस्टरें वाळवीपासून वांचवावीं. त्यांत कोणाचें तरी घर दडलेलें असतें. आणि गृहिणींनीं, कागदांची सर्व कामें संपल्यावर, एकदां त्या उंबरठ्याच्या आंत जाऊन बसावें. पैशाची मदत करावयाची ती सर्वांत शेवटीं, आणि मागितली तर.

एक गोष्ट मात्र प्रत्येक घरानें आपल्याशीं बोलावी. कोकणांत, देशावर, नदीकांठच्या गांवोगांवीं आपल्या पणजोबांच्या नांवानें किती पडीक जागा आहेत? कितींच्या उताऱ्यावर अजून मृतांचींच नांवें आहेत? आपण पुण्याला, बंगलोरला, अमेरिकेला स्थिर झालों. तेथें परत जाऊन कोणी राहणार नाहीं, हें आपण मनांत जाणतों आणि तोंडानें बोलत नाहीं. ती जागा विकावी, द्यावी कीं ठेवावी, हें ज्याच्या त्याच्या विवेकानें ठरवावें. निदान सर्व वारसांनीं एकदां एकत्र बसून कागद तरी नीट करावे, एवढीच आमची विनंति.

गेल्या आषाढांत पालखी बावड्यावरून गेली, त्या दिवशीं आम्ही गांवांत होतों. उंच जोत्याच्या त्या लहानशा घराच्या ओट्यावर तीन वारकरी बसले होते. म्हातारी त्यांना तांब्यांतून पाणी देत होती, आणि ती आठ वर्षांची मुलगी, आतां तेरा वर्षांची, चहाच्या कपांची थाळी घेऊन उंबरठ्यांत उभी होती. चौथऱ्यावरच्या तुळशीला नुकतेंच पाणी घातलेलें दिसलें. आम्ही रस्त्यानेंच पुढें निघालों होतों, तिनें हांक मारली, “गुर्जी, घरी या की.” आम्ही वळलों आणि गेलों.